मोरेश्वरची चौथी वाट

मोरेश्वर गद्रे गेला त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्याच्याजवळ हॉस्पिटलमध्ये बसलो होतो. खिडकीतून पार्किंग लॉट दिसत होता आणि त्याच्या पलीकडे, ऑगस्टच्या धुरकट उन्हात, डोंगराची एक लांब सरळ रेघ. मोरेश्वर बराच वेळ त्या रेघेकडे बघत होता. मग म्हणाला, "वॉल्टरच्या खालच्या शेतात यंदा काय आहे रे? मका, की सोयाबीन?" मी म्हणालो, "मका." खरं तर मला माहीत नव्हतं. सात वर्षांत मी त्या रस्त्याने एकदाही गेलो नव्हतो. "मका असला की वाट कुंपणाच्या कडेने घ्यावी लागते," एवढं बोलून त्याने डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी कुमुदवहिनींचा फोन आला. मी सहा-साडेसहालाच उठून बसलो होतो, तरी घंटा तीनदा वाजू दिली...

त्याला आता सहा आठवडे झाले. मोरेश्वरबद्दल चांगलं लिहिणं अवघड नाही. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या स्टेट कॉलेज या विद्यापीठाच्या गावात नव्याने येणाऱ्या किती मराठी मुलांना त्याने पहिल्या थंडीचे कोट मिळवून दिले, किती जणांना ड्रायव्हिंग शिकवलं, हे त्या मुलांनीच शोकसभेत सांगितलं. पण त्याच सभेत एक गृहस्थ हळहळून म्हणाले, "गद्रेकाकांचा स्वभाव भोळा. तो दसऱ्याचा प्रकार त्या भोळेपणातूनच झाला." आजूबाजूच्यांनी माना हलवल्या. मीही तिथेच बसलो होतो. तो दसऱ्याचा प्रकार भोळेपणातून झाला नव्हता. तो माझ्यामुळे झाला होता, आणि हे मला एकट्याला माहीत होतं. आमच्या इथल्या मराठी मंडळातले बरेच जण या वर्तमानपत्राची ही पुरवणी इंटरनेटवर वाचतात, म्हणून ते इथे लिहितो आहे.

त्यासाठी आधी मोरेश्वरच्या वाटांबद्दल सांगायला हवं. साठच्या दशकात, अमेरिकेत येण्याआधी, तो इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या एका खेड्यात राहत होता. जवळच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. रविवारी तिथे सगळं बंद. खोलीत एकटा बसून तो कुढायला लागला, तेव्हा घरमालकिणीने आपल्या मेलेल्या नवऱ्याचे बूट त्याच्यापुढे ठेवले आणि बाहेर जायला सांगितलं. बूट एक नंबर मोठे होते. दोन-दोन मोजे घालून मोरेश्वर चालायला लागला, आणि त्याला शोध लागला की त्या देशात लोकांच्या शेतांतून, कुरणांतून, कधी कधी अगदी अंगणाला लागून पायवाटा जातात, आणि त्यांवरून चालायचा हक्क कोणालाही असतो. अडवायला कोणी येत नाही. कुंपण आडवं आलं तर चढून जायला लाकडी पायऱ्या केलेल्या असतात. फाटक मात्र जसं सापडलं तसंच ठेवायचं, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. परक्या देशात आपल्याला असा हक्क आहे याचं त्याला इतकं अप्रूप वाटलं की त्या खेड्याभोवतीच्या सात वाटा त्याने एका वहीत मराठीत उतरवून काढल्या. ती वही मी अनेकदा वाचली आहे. "चर्चच्या मागच्या फाटकातून आत. कुंपण डाव्या हाताला. ओढा ओलांडला की तीन ओक दिसतील, मधल्याकडे तोंड करून सरळ. बैल असल्यास उजवीकडून जावे, पण घाई दाखवू नये."

इथे आल्यावर त्याला पहिला धक्का बसला तो हा, की या देशात रस्ता सोडून आत पाऊल टाकलं की ते कोणाच्या तरी मालकीचं. राखीव जंगलं आहेत, त्यांत वाटा आहेत, पण त्याला जंगल नको होतं. त्याला शेतं, कोठारं, गुरं आणि मधूनच दिसणारी माणसं हवी होती. आमच्यापासून अर्ध्या तासावर दोन डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात एक लहानसं खेडं आहे, एक चर्च, एक धान्याचा उंच कोठा आणि वीसेक घरं. त्याला ते डर्बीशायरच्या गावासारखं वाटलं. मला कधी वाटलं नाही, पण मी डर्बीशायर पाहिलेलं नाही. त्याने काय केलं, तर एकेका शेतकऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. "इंग्लंडात वाट कायद्याने मिळते, इथे तोंडाने मागावी लागते," तो म्हणायचा. पहिली दोन वर्षं लोकांनी दार किलकिलं करून नाही म्हटलं. तिसऱ्या वर्षी तो कुमुदवहिनींच्या बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन गेला. पाच-सहा वर्षांत त्या खेड्याभोवती त्याच्या पाच वाटा तयार झाल्या. दर वर्षी एप्रिलमध्ये तो पुन्हा सगळ्यांकडे जायचा आणि पुन्हा विचारायचा. मी एकदा म्हटलं, अरे, गेल्या वर्षी हो म्हणालेत की. तर म्हणाला, "गेल्या वर्षीचं हो गेल्या वर्षीचं."

चौथी वाट सगळ्यांत सुंदर होती आणि ती वॉल्टरच्या शेतातून जायची. वॉल्टर दुधाचा धंदा करणारा, उंच, कमी बोलणारा माणूस, वयाने आमच्याहून थोडा मोठा. त्याची आणि मोरेश्वरची मैत्री कशी जमली ते मला कधी कळलं नाही, कारण दोघं भेटले की कुंपणाला टेकून फक्त समोर बघत उभे राहत. त्याच्याकडे डबा वर्षातून दोनदा जायचा, एप्रिलमध्ये आणि दसऱ्याच्या आठवड्यात. डबे दोन होते, स्टीलचे, लग्नात मिळालेले, दोन्हींवर "कुमुद" असं ठिपक्यांनी कोरलेलं. एक द्यायचा आणि आधीचा परत आणायचा. पहिल्यांदा वॉल्टरने डबा धुऊन रिकामा परत केला, तेव्हा मोरेश्वरने त्याला गंभीरपणे सांगितलं की आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत. तेव्हापासून वॉल्टर त्यात काही ना काही घालायचा. एप्रिलमध्ये मेपलचा पाक आटवून केलेली साखर, ऑक्टोबरमध्ये त्याच्या अंगणातले काळे अक्रोड.

दसऱ्याच्या आठवड्यातला डबा अशासाठी, की दसऱ्यानंतरच्या रविवारी आमच्या मंडळाची चाल असायची. पंचवीस-तीस माणसं, लहान मुलं, पोहे आणि चहाचे थर्मास. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला होतो, तेव्हा वाटेचं वर्णन टाइप करून, नकाशासकट त्याच्या प्रती काढायचं काम माझं. चौथी वाट वॉल्टरच्या फाटकातून चढत मेपलच्या झाडांच्या रांगेपर्यंत जायची. तोवर ती झाडं पिवळीजर्द झालेली असत. तिथे सगळ्यांनी खाली पडलेली पानं उचलून एकमेकांना सोनं म्हणून द्यायची. एका मुलीने एकदा विचारलं होतं, "गद्रे आजोबा, इज इट रिअल गोल्ड ऑर प्रिटेंड?" मोरेश्वर म्हणाला, "वॉल्टरच्या फाटकाच्या आत रिअल. बाहेर गेलं की पान." त्या मुलीने घरी जाईपर्यंत मूठ उघडली नव्हती म्हणे.

चालीआधी डबा देऊन वॉल्टरला सांगणं एवढ्यासाठी गरजेचं होतं, की तो मग त्या सकाळी गुरं वरच्या कुरणात ठेवायचा आणि घरच्यांना सांगून चर्चला जायचा.

दोन हजार एक साली मोरेश्वरचा गुडघा खूप सुजला होता. चालीला तो काठी टेकत येणार होता, पण गाडी चालवणं बंद होतं. न्यूयॉर्कचे ते मनोरे पडून जेमतेम दीड महिना झाला होता. आमच्यातले काही जण दुकानात जातानासुद्धा कोटाला छोटा झेंडा लावून जात होते. यंदा चाल नको, असं दोघा-तिघांनी सुचवलं. मोरेश्वर म्हणाला, उलट याच वर्षी जायला हवं, ती माणसं आपल्याला ओळखतात. आणि वहिनींनी भरलेला डबा माझ्या हातात देऊन म्हणाला, "भागवत, एवढं वॉल्टरला देऊन ये. रविवारी दहाला येतोय म्हणावं. आणि जुना डबा घेऊन ये."

शुक्रवारी दुपारी मी गेलो. मुख्य रस्त्यापासून वॉल्टरच्या घरापर्यंत लांब खडीचा रस्ता आहे आणि तो सुरू होतो तिथे टपालपेटी. मी टपालपेटीपाशी गाडी वळवली आणि थांबलो. पेटीच्या खांबाला मोठा नवा झेंडा बांधलेला होता. त्याच्या खाली कुंपणावर एक नवीकोरी पिवळी पाटी होती, परवानगीशिवाय आत येऊ नये अशी. घराच्या पडवीत कोणीतरी उभं होतं, वॉल्टर नव्हता, एक बाई होती, आणि ती माझ्या गाडीकडे बघत होती. मी तीस वर्षं या देशात राहत होतो. तिथे जाऊन माझं नाव सांगायचं, डबा पुढे करायचा, बस. माझ्याच्याने झालं नाही. पाच मिनिटं बसलो असेन. मग गाडी मागे घेतली आणि घरी आलो.

संध्याकाळी मोरेश्वरचा फोन आला. "सांगितलंस का वॉल्टरला?"

"सांगितलं," मी म्हणालो. "हो म्हणाला. ये म्हणाला."

"आणि डबा?"

"सापडत नव्हता त्याला. पुढच्या वेळी देतो म्हणाला."

इतकं सहज बोललो की माझं मलाच आश्चर्य वाटलं. वाटलं होतं, उद्या फोन करून वॉल्टरला सांगू. शनिवारी फोनजवळ दोनदा गेलो. मग मनाची समजूत घातली की इतक्या वर्षांची ओळख आहे, तो काही म्हणणार नाही. लाडू मात्र टाकवेनात. वहिनींनी बेसन भाजताना हात भाजून घेतला होता, ते मला माहीत होतं. मी ते एक-एक करून पंधरा दिवसांत खाल्ले. डबा तळघरात, जुन्या रंगांच्या डब्यांमागे ठेवून दिला.

रविवारी आम्ही सव्वीस जण वॉल्टरच्या फाटकातून आत शिरलो. बऱ्याच जणांच्या हातात मी छापलेला नकाशा होता. खालच्या कुरणात गुरं मोकळी होती, ते पाहून मोरेश्वर जरा थबकला, पण पुढे गेला. मेपलच्या रांगेपर्यंत पोहोचायच्या आत खालून पोलिसांच्या दोन गाड्या आल्या. वॉल्टर चर्चला गेला होता. घरात त्याची सून दोन लहान मुलांसह एकटी होती आणि तिने खिडकीतून नकाशे घेतलेली सव्वीस अनोळखी माणसं आपल्या शेतात फिरताना पाहिली होती. त्या दिवसांत तिने दुसरं काय करावं? अधिकारी सभ्य होते. सगळ्यांना रांगेत उभं करून त्यांनी लायसन्स पाहिली. निखिल म्हणून नागपूरचा एक विद्यार्थी होता, तो पांढराफटक पडून मला कुजबुजत विचारत होता, "काका, माझा पासपोर्ट अपार्टमेंटमध्ये आहे यार, आता व्हिसाचं काही होईल का?" मोरेश्वर पुढे होऊन सांगत होता की वॉल्टरला विचारा, त्याला माहीत आहे, त्याने हो म्हटलंय. एका अधिकाऱ्याने त्याला हातातली काठी खाली ठेवायला सांगितली. ती इंग्लंडमधून आणलेली, गाठींची काळी काठी होती. त्याने वाकून ती गवतात ठेवली. मग त्याला सरळ उभं राहता येईना, तेव्हा सोनं मुठीत घेऊन घरी गेलेली ती मुलगी, आता बरीच मोठी झालेली, पुढे आली आणि तिने त्याला खांदा दिला. मी तिथून चार हातांवर होतो. मी तोंड उघडलं असतं, तर दोन मिनिटांचं काम होतं...

अर्ध्या तासाने आम्हाला जायला सांगितलं. त्या वर्षी सोनं कोणी लुटलं नाही.

पुढच्या आठवड्यात मंडळाची बैठक झाली. आवाज कोणी चढवला नाही, पण अशा दिवसांत बायका-मुलांना धोक्यात घातलं, गोऱ्या माणसाच्या तोंडी शब्दावर विसंबायला नको होतं, असं बरंच बोलणं झालं. मोरेश्वर एकच वाक्य बोलला, "वॉल्टर हो म्हणाला होता," आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या एका मानेने मी त्याला खरा ठरवला आणि वॉल्टरला खोटा. चाल बंद झाली. एप्रिल आला तेव्हा मोरेश्वर वॉल्टरकडे गेला नाही, आणि मग इतरांकडेही गेला नाही. कुमुदवहिनी एकदा म्हणाल्या की निदान माझे डबे तरी आणा. तो म्हणाला, "हो म्हणून पोलीस बोलावणाऱ्याच्या दारात डबे मागायला जायचं?"

माझी बायको नव्व्याण्णव सालीच गेली. तेव्हापासून दर रविवारी मी गद्र्यांकडे जेवायला जातो. ते या सात वर्षांतही चालूच राहिलं. जेवण झालं की मोरेश्वर खुर्चीत बसून डर्बीशायरची जुनी वही उघडायचा आणि एकेक वाट सावकाश वाचत "करायचा". दीड तासाची वाट असेल तर दीड तास घ्यायचा. मधेच डोळे मिटून थांबायचा, तेव्हा मी समजायचो की चढ आहे. "आज दुसरी केली," तो वही मिटत म्हणायचा. "ओढ्याला पाणी होतं." हे तो हसत म्हणायचा आणि मीही हसायचो. दोन-तीनदा सांगायचं अगदी ओठांवर आलं. एकदा गाडीत आम्ही दोघंच होतो, मी म्हणालोसुद्धा, "मोरेश्वर, तुला एक सांगायचंय." त्याने रेडिओ बंद केला आणि वाट पाहिली. मी माझ्या ब्लडप्रेशरचं काहीतरी सांगितलं. त्याने पुढचा महिनाभर माझ्या ब्लडप्रेशरची चौकशी केली. तो गेला तो वॉल्टर खोटारडा आहे हे मनात घेऊन गेला. त्याला शेवटी कळलं होतं की काय, असं मी स्वतःला पटवायचा प्रयत्न करून पाहिला. नाही. त्याला काही कळलं नव्हतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला वहिनींनी त्याची दुसरी वही, इथल्या पाच वाटांची, माझ्याकडे दिली आणि टाइप करून ठेवायला सांगितली. चौथ्या वाटेच्या पानावर वरती, तारखेसकट, त्याच्या अक्षरात होतं: "वॉल्टरला आधी सांगणे – भागवत." आणि पुढे बरोबरची खूण. त्या संध्याकाळी माझ्याशी फोनवर बोलल्यावर त्याने ती केली असणार. मी वही बंद केली, तळघरातून डबा काढला आणि तसाच वहिनींकडे गेलो. डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी डब्यावरच्या आपल्या नावावरची धूळ बोटाने पुसली.

"सात वर्षं तुम्ही या टेबलावर जेवलात, भाऊजी," त्या म्हणाल्या.

मग त्या उठून ओट्यापाशी गेल्या आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "मला सांगून मोकळे होऊ नका. ज्यांच्यासमोर त्यांना काठी खाली ठेवावी लागली, त्यांना सांगा. आणि आधी त्या वॉल्टरला."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. टपालपेटी तीच होती, झेंडा नव्हता, पिवळी पाटी उन्हाने पांढरी पडली होती. वॉल्टर ऐंशीच्या पुढे गेलाय, गुरं विकलीत, ऐकू कमी येतं. त्याच्या पडवीत बसून मला ते सगळं इंग्रजीत, मोठ्या आवाजात, दोनदा सांगावं लागलं. पाटीचं ऐकून तो म्हणाला, "ती हरणांच्या शिकाऱ्यांसाठी. दर वर्षी ऑक्टोबरमध्ये लावतो. मोरीला माहीत होतं." तो मोरेश्वरला मोरी म्हणायचा. मी विचारलं, मग तुम्ही का नाही आलात त्याच्याकडे? तो म्हणाला की सुनेने पोलीस बोलावले याची त्याला लाज वाटली होती, आणि एप्रिलमध्ये विचारायला यायची रीत मोरीची होती. एप्रिलमध्ये तो आला नाही. वॉल्टरला वाटलं, रागावला असेल. पुढच्या एप्रिलमध्ये येईल.

मग तो उठून आत गेला आणि स्टीलचा डबा घेऊन आला. वजनदार होता. मी झाकण उघडलं. आत काळे अक्रोड होते, सोललेले. सात वर्षांपूर्वीचे, मी मनात म्हटलं. माझ्या चेहऱ्याकडे बघून तो म्हणाला, "मागच्या वर्षीचे आहेत. दर ऑक्टोबरला जुने काढून नवे भरतो. रिकामा परत द्यायचा नसतो ना?"

निघताना मी खालच्या शेतात पाहिलं. सोयाबीन होतं.

दोन्ही डबे आता वहिनींकडे शेजारी शेजारी ठेवलेत. दसरा या आठवड्यात आहे. वर्ष झालेलं नाही, तेव्हा त्यांच्या घरात गोड होणार नाही. त्यांनी मला समोर बसवून लाडवांची कृती लिहून घ्यायला लावली आणि एक डबा रिकामा माझ्या हातात दिला. काल दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा बेसन भाजलं. थोडं करपलं, आणि लाडू वळताना तुपामुळे बसके झालेत. वहिनींना फोनवर सांगितलं, तर म्हणाल्या, "असू देत. तसेच न्या."

निखिल आता न्यू जर्सीत असतो. त्याला आणि त्या दिवशीच्या जेवढ्या जणांचे पत्ते मिळाले, त्यांना मी आधी वेगळी पत्रं पाठवली आहेत. वॉल्टरला फोन करून विचारलंय, दसऱ्यानंतरच्या रविवारी दहाला काही माणसं येतील, चालेल का. किती येतील ते मला माहीत नाही. कदाचित मी आणि वहिनीच असू. फोनवर तो म्हणाला, गुरं आता नाहीत, तेव्हा फाटक उघडंच असतं, पण तुम्ही येणार असाल तर मी ते बंद करून ठेवतो. का, असं मी विचारलं. "मोरीला फाटक उघडायला आवडायचं," तो म्हणाला, "आणि आपल्यामागे तो ते नीट लावून घ्यायचा."